न पाहिलेला पेशंट

सर, परवा तुमच्यावरून माझं भांडण झालं. तुमच्या युनिटमधला माझा बॅचमेट, राउंडला कायम तुमच्या उजव्या हाताला उभा राहायचा आणि तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचा, तोच. आता त्याचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल आहे, केस पांढरे झालेत, बोलणं मात्र तसंच घाईचं. फोनवर म्हणाला, "तू जे करून राहिली ना, ते सरांना पटलं नसतं." मी तावातावानं काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला चैन नाही. समोर पेशंट बोलत असतो आणि मी मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालत असते. पोळ्या लाटताना तेच, नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधताना तेच. आज दुपारचे पेशंट आटोपल्यावर बाहेर सांगितलं, जरा वेळ कोणाला आत सोडू नका, आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्याकडे शिकणारी मुलं तुम्हाला फक्त माझ्या तोंडून ओळखतात. त्यांना वाटतं, तुम्ही माझ्या सगळ्या गोष्टींना मान डोलवत असणार.

मी काय करते ते आधी सांगते, कारण तुमच्या वेळी हे नव्हतं. आठवड्यातून एकदा, दुपारी, मी लॅपटॉप उघडते. पारशिवनीकडचे, सावनेरचे, आणखी कुठकुठल्या खेड्यांतल्या दवाखान्यांत एकेकटे बसलेले डॉक्टर पडद्यावर चौकोनाचौकोनांत येऊन बसतात. कोणाच्या मागे कॅलेंडर, कोणाच्या मागे औषधांची खोकी. एक जण केस सांगतो. केस झालेली असते, त्याला उत्तर माहीत असतं, बाकीच्यांना नसतं. तो थोडं सांगतो आणि थांबतो. मग मी विचारते, आता मनात काय आलं? काहून आलं? काय सापडलं तर मत बदलशील? ही सगळी तुमचीच रीत आहे, सर. वॉर्डात खाटेजवळ स्टुलावर बसून तुम्ही असंच आम्हाला छळायचात. रिपोर्ट हातात असला तरी पालथा ठेवायचात. "उत्तर नको सांगू, रस्ता सांग," हे वाक्य मी आजही तुमच्याच सुरात म्हणते, आणि मुलं हसतात. फक्त एक फरक. तुम्ही प्रश्न विचारत असताना तुमची बोटं पेशंटच्या मनगटावर असायची. बोलणं आमच्याशी, नाडी त्याची. माझ्या बोटांखाली लॅपटॉपची बटणं असतात.

बॅचमेट ज्याच्या जोरावर बोलला तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. मी तुमच्याकडे नवी होते. सिस्टरच्या खोलीतला फोन वाजला, सावनेरचे एक डॉक्टर होते. खाणीत काम करणारा माणूस, दम लागलाय, दम्याचं इंजेक्शन दिलं तरी उतरत नाही, काय करू? मी ऐटीत सांगून टाकलं, डोस वाढवा आणि हे दुसरं इंजेक्शन द्या. फोन ठेवून वळले तर मागे तुम्ही. "पेशंट पाह्यला काय तू?" नाही सर. "मंग मत कायचं देऊन राहिली? न पाहिलेल्या पेशंटवर मत देणारा डॉक्टर नसते, ज्योतिषी असते." सिस्टर बघत होत्या, वॉर्डबॉय बघत होता. मला वाटलं झालं एवढंच. तर तुम्ही गाडीची किल्ली काढली आणि म्हणालात, "चाल." भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, तुमच्या त्या खडखडणाऱ्या फियाटमधून आपण सावनेरला गेलो. दवाखान्याच्या दारातच थांबून मला विचारलंत, "काय दिसते?" माणूस खाटेवर पाय सोडून, दोन्ही हात टेकवून बसलेला. मानेच्या शिरा फुगलेल्या. आणि पाय असे सुजलेले की पैंजण घातल्यासारख्या वळ्या पडलेल्या. दमा नव्हताच तो, हृदय थकलं होतं. "फोनवर पाय दिसत नाही," तुम्ही म्हणालात, आणि त्या डॉक्टरांना काहीही न बोलता स्वतः लघवीचं इंजेक्शन भरायला लागलात. परत येताना रस्त्याकडेच्या टपरीवर पोहे घेतले. माझ्या पोह्यांवर तिखट तर्री ओतत तुम्ही म्हणालात, "तू चुकली म्हणून नाही बोललो. बरोबर निघाली असती तरी बोललो असतो."

मी ते कधी विसरले नाही. म्हणूनच वर्गाचा नियम केला होता की केस जुनीच हवी. पेशंट घरी गेलेला असावा, किंवा जगात नसावा. चालू पेशंटवर इथे कोणी मत मागायचं नाही आणि द्यायचं नाही. तुमची आज्ञा मोडायची नाही म्हणून घातलेला नियम होता तो.

या पावसाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी केस सांगायला होती पारशिवनीच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रातली मुलगी. मुलगी म्हणजे डॉक्टर, नुकती रुजू झालेली, शिकताना हुशार पण बोलताना गडबडणारी. पडद्यावर तिचा चेहरा नव्हता, फक्त आवाज. नेटवर्क नाही म्हणाली. तिशीची बाई, शेतात जाणारी, दोन लेकरांची आई. पहाटे पोटात कळ येऊन जागी झाली. ओकारी झाली. मग घसा दुखतो म्हणाली, पाणी गिळवेना. आता पापण्या जड झाल्यात. ताप नाही, कुठं लागलेलं नाही. मी खूश झाले, सर. केस सुंदर होती. मी सगळ्यांना थांबवलं, कोणी उडी मारायची नाही, रस्ता सांगा. एकानं पोटाचं म्हटलं, स्वादुपिंडाची सूज. एक म्हणाला पॅरालिसिस, मेंदूच्या देठाला झटका. आपला बॅचमेटही त्या दिवशी पाहुणा म्हणून आला होता, तो म्हणाला, शेतातली बाई आहे, फवारणीचं औषध प्यायली असेल, घरचे लपवतात, पहिले तेच पाहा. मी म्हटलं, छान, मग बाहुल्या कशा असायला हव्यात? घाम? लाळ? तिनं सांगितलं, बाहुल्या लहान नाहीत मॅडम, घाम नाही. मी म्हटलं, मग औषधाची शक्यता कमी झाली, आता पुढं? माझ्या मनात एव्हाना एक गोष्ट डोकावत होती, पण मी ती सांगितली नाही. मुलांनी तिथवर यायला हवं होतं. मी फक्त एक प्रश्न टाकला, "रात्री बाई कुठं झोपली होती?"

ती म्हणाली, "थांबा मॅडम, विचारते."

मला समजायला क्षणभर लागला. झालेल्या केसमध्ये कोणाला विचारणार? मी म्हटलं, "पेशंट कुठं आहे?" मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "डाक्टरीनबाई, हे बोलत नाही आता, पाहा ना जी." मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. "समोर आहे मॅडम," ती म्हणाली, आणि मग एकदम, "खालीच झोपली होती. जमिनीवर. सासू सांगून राहिली."

मण्यार साप. तुम्हाला सांगायला नको. दात लागलेले दिसत नाहीत, दुखत नाही, सूज नाही. झोपेत चावतो आणि सकाळी माणूस पोट धरून उठतो. पापण्यांनंतर घसा जातो, घशानंतर श्वास. मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. एका श्वासात आकडे मोजायला लाव तिला, म्हटलं. ती म्हणाली, मोजत नाही मॅडम, ओठ हलतात फक्त. सर्पदंशाची लस आहे का? आहे. लाव. ॲड्रेनालिन भरून ठेव. श्वास द्यायचा फुगा हाताशी घे, छातीकडे बघत राहा, छाती थांबायची वाट पाहू नको. सावनेरचे भूलतज्ज्ञ वर्गात असतात, ते मधेच बोलले, "मॅडम, तुम्ही सोडा, तिले माझ्या फोनवर घ्या," आणि त्यांनी तिला फुगा कसा धरायचा, हनुवटी कशी उचलायची ते एकेक करून सांगितलं. ती रुग्णवाहिकेत चढली, फोन स्पीकरवर ठेवून. पारशिवनीपासून नागपूरपर्यंत ती मुलगी बसक्या छताच्या गाडीत गुडघ्यांवर बसून फुगा दाबत आली. मी गाडी काढून कॅज्युअल्टीच्या दारात जाऊन उभी राहिले. स्ट्रेचर उतरवलं तेव्हा ती फुगा दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हती. बाईच्या मनगटावर मी बोटं ठेवली. नाडी चांगली होती.

बाई व्हेंटिलेटरवर होती बरेच दिवस. मी रोज जायचे. एकदा ती मुलगी सुटी टाकून आली, तेव्हा आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये बसलो. मी ठरवून रागावले. म्हटलं, नियम माहीत होता ना तुला? पेशंट समोर असताना तू जुनी केस म्हणून सांगत बसलीस, आणि आम्ही तिकडे डोकं खाजवत बसलो. काहून असं केलंस? तिनं चहाचा कप फिरवला. म्हणाली, "मॅडम, मी आधी फोन लावले होते. मोठ्या दवाखान्यात लावला, एका सरांना लावला. मदत मागितली का 'पाठवून द्या' म्हणतात आणि फोन ठेवून देतात. काय पाठवू, रस्त्यात काय होईल, कोणी ऐकूनच नाही घेत. वर्गाची वेळ झाली होती. मले वाटलं, केस म्हणून सांगितलं तर सारे विचार करतील."



बाईच्या नळ्या निघाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी पहिल्यांदा बोलले. आवाज घोगरा झाला होता. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही फोनातल्या मॅडम व्हय का जी?" मी हो म्हटलं. "मी सारं आयकून राहिली होती," ती म्हणाली. "डोये उघडत नव्हते, जीभ हालत नव्हती, पण कान चालू होते ना. एक डाक्टर म्हणे, इनं औषध पेलं असन. माही सासू तठीच उभी. मले सांगाचं होतं का मी काहीच नाही पेली. सांगताच ये ना."

सर, मी हे वर्गात कितीदा शिकवलंय, मण्यारीच्या पेशंटची शुद्ध शाबूत असते. परीक्षेत विचारतात ते. पण ती शुद्ध म्हणजे ही बाई, डोळे मिटून, आमच्या शक्यता ऐकत पडलेली, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि तो शब्द तिथंच थांबला नव्हता. सासूकडून गावात गेला, गावातून माहेरी. भाऊ आले ते थेट जावयाच्या अंगावर गेले, काय केलं तुम्ही आमच्या बहिणीले म्हणून. इकडे बाई व्हेंटिलेटरवर आणि बाहेर व्हरांड्यात दोन्ही घरची माणसं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. मी रोज त्यांच्यामधून चालत जात होते आणि मला वाटत होतं, थकलेत बिचारे. त्या दिवशी मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. साप होता, औषध नव्हतं, ते रक्तातही नाही आणि लक्षणांतही नाही, आणि ती गोष्ट आम्हा डॉक्टरांच्या तोंडून निघालेली आहे, तिची नाही. थोरला भाऊ उठून जावयाजवळ गेला आणि म्हणाला, "चाल, चहा घेऊ." सासू मात्र माझ्याजवळच उभी राहिली. "मी नव्हतं मानलं जी," ती म्हणाली, "पण डाक्टर बोलला म्हणून चूप बसली."

बाई चालत घरी गेली. मी वर्गाचा नियम बदलला. आता केस सुरू व्हायच्या आधी मी विचारते, पेशंट आत्ता कुठं आहे? समोर असेल तर बाकी सगळं बाजूला, आणि पहिल्यांदा त्याला सांगायचं की काही डॉक्टर तुमच्याबद्दल बोलणार आहेत. बॅचमेट यावरूनच भडकला. हा वर्ग आहे, कॅज्युअल्टी नाही, म्हणाला. उद्या काही वाईट झालं तर कोर्टात कोण उभं राहील, तू? काही चांगले लोक वर्ग सोडून गेले, आणि ते चुकीचे आहेत असं मला म्हणता येत नाही. कारण वाईट झालंच. मागच्या महिन्यात एका आडगावच्या डॉक्टरनं एक म्हातारे गृहस्थ दाखवले, दोन खांद्यांच्या मधे दुखतं म्हणून. ईसीजी ठीक. मला महाधमनीला चीर गेल्याची शंका आली, मी म्हटलं, दोन्ही मनगटांच्या नाड्या एकदम धरून पाहा, फरक लागतो का. "सारख्याच आहेत मॅडम," तो म्हणाला. मी त्याच्या बोटांवर भरवसा ठेवला. तरी पाठवा म्हटलं, गाडी यायची होती. गाडी यायच्या आधी गृहस्थ गेले. सारख्या होत्या की नव्हत्या, आता कोण सांगणार? त्या मुलाला वाटतं, त्याची बोटं चुकली. मला वाटतं, मी सावनेरला जायला हवं होतं, कुठल्याही सावनेरला, किल्ली काढून. पण एका दुपारी मी किती ठिकाणी जाऊ? आणि जाता येत नाही म्हणून गप्प बसले असते तर ती बाई? असं इकडून तिकडे चाललेलं असतं माझं.

बॅचमेट म्हणाला, सरांनी पेशंट पाहिल्याशिवाय आयुष्यात कधी मत दिलं नाही, कधी कोणाला देऊ दिलं नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. मी दिलं नाही. ते मी कोणालाच कधी दिलेलं नाही.

तुमच्या घरची ती दुपार. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, जाऊन वर्ष झालं होतं, तुम्ही एकटेच राहायचात आणि स्वयंपाकघरात सगळं बाईंनी ठेवलं होतं तसंच ठेवायचात. मला फोन करून बोलावलंत, चहाला ये. तुम्हीच गवती चहाची पात कात्रीनं कापत होतात. मी टेबलाशी बसले. तुम्ही पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणालात, "एक केस आहे. सत्तरीतला गृहस्थ. वजन उतरून राहिलं. पाठ दुखते, पुढं वाकून बसलं का बरं वाटते. साखर नवीनच निघाली." मी विचारलं, भूक? कमी. मी विचारलं, कावीळ? तुम्ही गॅस बारीक केलात आणि म्हणालात, "अजून नाही." मग कप घेऊन समोर येऊन बसलात, टेबलावर कोपरं टेकवून, पुढं वाकून. तीन शक्यता सांग, म्हणालात. मी सांगितल्या, क्रमानं, प्रत्येकीचं कारण देऊन. शेवटची स्वादुपिंडाची गाठ. "पहिली काहून नाही ठेवली?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, सर, पेशंट पाहिलेला नाही. तुम्ही हसलात. "बरोबर. चहा घे." तपासायला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत.

ती मुलगी कॅन्टीनमध्ये 'केस म्हणून सांगितलं तर सारे विचार करतील' म्हणाली तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून ते टेबल हलत नाही. तुम्हालाही कोणीतरी "पाठवून द्या" म्हणालं होतं का, सर? तुम्हालाही फक्त कोणीतरी विचार केलेला हवा होता का? मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेत होतात. नंतर वाटायला लागलं, तुम्ही मला निरोप देत होतात. आता काहीच ठरवता येत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही. बॅचमेटला हे सांगितलं असतं तर तो गप्प झाला असता, पण मग ती गावभर पसरली असती, तुमची केस.

बाहेर पेशंट जमायला लागलेत, पंख्याखाली कोणीतरी खोकतंय. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, ठेवणारही नाही बहुतेक. एकच राहिलं. तुम्ही "अजून नाही" म्हणालात ना, त्या "अजून"वर मला कळलं होतं, तो गृहस्थ कोण ते. तरी मी त्याच्याबद्दलच्या तीन शक्यता क्रमानं सांगत गेले, कारण तुम्ही किती दिवसांनी असे शिकवायला बसला होतात.